गॅलपिंग गूस : भंगारातून घडलेली रेल्वे मोटार आणि तिच्या प्रतिकृती

१९३१ साली अमेरिकेतील कोलोराडो राज्यात, रिजवे या लहानशा गावातील रेल्वेच्या कार्यशाळेतून एक चमत्कारिक वाहन बाहेर पडले. पुढून पाहिले तर ती ब्यूक कंपनीची चार दारांची मोटार होती, मागून पाहिले तर मालट्रक आणि खाली रबरी टायरांऐवजी आगगाडीची पोलादी चाके. रेल्वेच्या दप्तरी या वाहनाची नोंद ‘मोटर क्रमांक १’ अशी रुक्षपणे झाली. लोकांनी मात्र या आणि हिच्या मागून आलेल्या भावंडांना ‘गॅलपिंग गूस’ हे नाव दिले. गूस म्हणजे बदकाच्या कुळातला, पण आकाराने मोठा पक्षी, आपल्या जुन्या ग्रंथांतला कलहंस. गॅलपिंग गूस म्हणजे दौडत निघालेला कलहंस.

१९३१ ते १९३६ या काळात रिओ ग्रँद सदर्न या रेल्वे कंपनीने अशा सात मोटारी बांधल्या. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या कंपनीला त्यांनी सुमारे वीस वर्षांचे आयुष्य मिळवून दिले. कंपनी आज नाही, तिचे रूळही उखडले गेले. मात्र सातपैकी सहा मोटारी शिल्लक आहेत आणि जगभरच्या हौशी प्रतिकृतिकारांच्या टेबलांवर त्यांच्या लहान आवृत्त्या आजही तयार होत असतात. रेल्वेच्या इतिहासात वेग, सामर्थ्य वा ऐश्वर्य यांपैकी कशासाठीही ज्यांचे नाव घेता येणार नाही, अशा या वाहनांविषयी एवढे आकर्षण का, हे समजण्यासाठी त्यांचा जन्म कोणत्या परिस्थितीत झाला ते पाहावे लागते.

चांदीसाठी घातलेले रूळ

कोलोराडोच्या नैऋत्येला सान हुआन पर्वतराजी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे चांदीच्या खाणी सुरू झाल्या आणि टेल्युराइड, ओफिर, रिको यांसारखी खाणगावे उभी राहिली. खनिज खाली आणायचे तर खेचरांच्या तांड्यांवाचून दुसरे साधन नव्हते. या दुर्गम प्रदेशात पथकर घेऊन चालणारे रस्ते बांधून नाव कमावलेल्या ओटो मीअर्स या उद्योजकाने १८८९ मध्ये रिओ ग्रँद सदर्न कंपनी स्थापन केली. उत्तरेच्या रिजवेपासून दक्षिणेच्या ड्युरँगोपर्यंत १६२ मैलांचा, म्हणजे सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग १८९१ च्या अखेरीस पूर्ण झाला.

हा मार्ग अरुंद, म्हणजे तीन फुटी (९१४ मिलिमीटर) गेजचा होता. नेरळ-माथेरानच्या दोन फुटी रुळांपेक्षा तो रुंद आणि मुख्य मार्गांच्या मानाने बराच चिंचोळा. डोंगरात तीव्र वळणे घेणे, कमी खोदकामात रूळ बसवणे आणि हलक्या गाड्यांवर भागवणे हा त्यामागचा हिशेब होता. तरीही निसर्गाने सवलत दिली नाही. मार्गाचा सर्वोच्च बिंदू असलेली लिझर्ड हेड खिंड सुमारे १०,२५० फुटांवर आहे. ओफिरजवळ उंची गाठण्यासाठी मार्गाला स्वतःभोवती मोठा वळसा घ्यावा लागला आणि उंच लाकडी पुलांची मालिका उभारावी लागली. हिवाळ्यात हिमकडे आणि उन्हाळ्यात दरडी हे येथील नेहमीचे संकट होते.

मार्ग पूर्ण होऊन दोन वर्षे उलटली नाहीत तोच १८९३ चे आर्थिक अरिष्ट आले. सरकारने चांदी खरेदी करण्याचे बंधन घालणारा कायदा रद्द झाला, चांदीचे भाव कोसळले, खाणी बंद पडल्या आणि कंपनी न्यायालयीन प्रशासकाच्या हाती गेली. पुढे डेन्व्हर अँड रिओ ग्रँद या मोठ्या रेल्वेने तिचा ताबा घेतला. जनावरे, लाकूड, थोडेफार खनिज आणि टपाल यांच्या बळावर तिने पुढची काही दशके कशीबशी ढकलली.

मोटार रुळांवर आणण्याची कल्पना

रेल्वेच्या रुळांवर पेट्रोलवर चालणारी मोटार सोडण्याची कल्पना या कंपनीची नव्हे. वाफेचे इंजिन तापवायला काही तास लागतात. त्यासाठी कोळसा, पाणी आणि चालकाच्या जोडीला आग पेटती ठेवणारा फायरमन लागतो. पंधरा-वीस उतारूंसाठी एवढा सरंजाम परवडत नाही, हे मोठ्या रेल्वे कंपन्यांच्याही लक्षात आले होते. युनियन पॅसिफिक रेल्वेतील अभियंता विल्यम मकीन याने १९०५ मध्ये ओमाहा येथे पहिली मोटार बांधली. सुरीच्या पात्यासारखे निमुळते नाक आणि जहाजासारख्या गोल खिडक्या असलेल्या अशा १५२ मोटारी १९१७ पर्यंत तयार झाल्या. दिसायला त्या काळाच्या पुढे होत्या. पण गिअर आणि साखळीची त्यांची यंत्रणा नाजूक ठरली. पुढे पेट्रोलच्या इंजिनाने विद्युतजनित्र फिरवून त्या विजेवर चाके चालवणारी पद्धत अधिक भरवशाची ठरली. डिझेल रेल्वे इंजिनाच्या जन्माचा एक धागा येथवर पोहोचतो.

या मोटारी कारखान्यात बनत आणि त्यांची किंमतही कारखान्यातली असे. रिओ ग्रँद सदर्नकडे तेवढे पैसे नव्हते. तिच्याजवळ होते ते कसबी हात, एक कार्यशाळा आणि वापरलेल्या मोटारी स्वस्तात मिळण्याचा काळ.

टपालाचा करार

१९२० च्या दशकाच्या अखेरीस एम्सजवळ मोठी दरड कोसळली आणि मार्ग अडला. तोट्यातल्या या मार्गावर आणखी पैसा ओतण्याची मालक रेल्वेची तयारी नव्हती. १९२९ च्या अखेरीस कंपनी पुन्हा न्यायालयीन प्रशासकाकडे गेली आणि व्हिक्टर मिलर यांची त्या पदावर नेमणूक झाली. त्याच वर्षी अमेरिकेत महामंदीला सुरुवात झाली होती.

मिलर यांच्यापुढचा हिशेब साधा, पण कठीण होता. उतारू थोडे, माल थोडा. हमखास उत्पन्न देणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे सरकारी टपाल. करार टिकवायचा तर गाडी ठरल्याप्रमाणे धावायलाच हवी होती. पण टपालाच्या पिशव्या आणि मूठभर माणसे नेण्यासाठी वाफेचे इंजिन आणि त्यावरचे सगळे कर्मचारी गुंतवले, तर टपालाचे उत्पन्न कोळशातच जळून जाई. गाडी बंद केली तर करार जाणार आणि चालू ठेवली तर कंपनी जाणार, असा हा पेच होता.

त्यातून मार्ग काढला गेला तो रिजवेच्या कार्यशाळेत. तेथील मुख्य कारागीर जॅक ओडेनबॉ यांनी ब्यूक ‘मास्टर सिक्स’ मोटारीचा पुढचा भाग घेतला, पुढच्या आसाच्या जागी चार चाकांची बोगी बसवली आणि मागे टपाल व सामानासाठी ट्रकसारखा उघडा हौदा जोडला. जून १९३१ मध्ये ही मोटार कामावर रुजू झाली. तिला चालवायला एक माणूस पुरे होता. वजन कमी असल्यामुळे आधीच खिळखिळ्या झालेल्या रुळांवर ताणही कमी पडे. पहिल्या तीन आठवड्यांतच तिने आपला बांधणीखर्च भरून काढला, असे सांगितले जाते. अवजड मालासाठी वाफेची इंजिने आणि टपाल-उतारूंसाठी मोटारी, अशी कामाची वाटणी मग रूढ झाली.

सात मोटारींचा परिवार

पहिलीच्या यशानंतर त्याच वर्षी दुसरी आणि तिसरी मोटार तयार झाली. दुसरीचा पाया पुन्हा ब्यूकचाच होता. मात्र मालाचा भाग सुरुवातीपासून बंदिस्त होता. तिसरीपासून ओडेनबॉ यांनी अधिक मोठ्या मोटारीची निवड केली. पिअर्स-अ‍ॅरो ही त्या काळी अमेरिकेतील श्रीमंतांची मोटार. मंदीमुळे अशा प्रशस्त, पण जुन्या गाड्यांना फारसे गिऱ्हाईक उरले नव्हते. एकेकाळी धनिकांना मिरवणारी ही मोटार खाणकामगार आणि टपालाच्या पिशव्या वाहू लागली.

तिसऱ्या, चौथ्या (१९३२) आणि पाचव्या (१९३३) क्रमांकाच्या मोटारी लांबीला मोठ्या होत्या. त्यांच्याखाली दोनऐवजी तीन बोगी होत्या आणि इंजिनाची शक्ती मधल्या बोगीकडे जाई. एवढी लांब गाडी अखंड ठेवली असती तर डोंगरातल्या वळणांवर ती अडकली असती. म्हणून उतारूंची खोली आणि मालाचा डबा हे दोन भाग सांध्याने जोडून स्वतंत्रपणे वळतील अशी रचना करण्यात आली. क्रमांक ६ ही १९३४ मध्ये मार्गाच्या देखभालीसाठी बांधली गेली. तिच्यासाठी मोडीत काढलेल्या पहिल्या मोटारीचे सुटे भाग कामी आले. १९३६ मध्ये आलेली क्रमांक ७ ही या परिवारातील शेवटची.

या मोटारी बांधून संपल्या असे मात्र कधी झालेच नाही. मोडले ते बदलायचे, उपलब्ध असेल ते वापरायचे, या न्यायाने त्यांचे रूप सतत पालटत राहिले. क्रमांक २ ला पुढे ब्यूकऐवजी पिअर्स-अ‍ॅरोचे अंग मिळाले. सुरुवातीचा काळा आणि गडद हिरवा रंग १९३५ मध्ये जाऊन सर्व मोटारी चंदेरी झाल्या. १९४५ ते १९४७ च्या दरम्यान ३, ४ आणि ५ या क्रमांकांच्या मोटारींची पुढची मोटार काढून तेथे वेन कंपनीच्या बसचे अंग बसवण्यात आले आणि जीएमसी कंपनीची नवी इंजिने आली.

नाव कसे पडले?

‘गॅलपिंग गूस’ या नावाच्या व्युत्पत्तीविषयी तीन गोष्टी सांगितल्या जातात आणि तिन्ही पटण्याजोग्या आहेत. एक म्हणजे चाल. खालीवर झालेल्या रुळांवरून जाताना या मोटारी डावीउजवीकडे झुलत, फेंगड्या पायांनी चालणाऱ्या पक्ष्यासारख्या. दुसरी गोष्ट आवाजाची. इतर गाड्या शिट्टी देत, ही मात्र मोटारीचा भोंगा वाजवी. तिसरी गोष्ट सर्वांत चित्रमय आहे. चढावर इंजिन तापू नये म्हणून चालक बॉनेटच्या दोन्ही बाजूंची झाकणे उघडी ठेवत. समोरून येणारी मोटार मग पंख पसरून धावणाऱ्या पक्ष्यासारखी दिसे. कंपनीने आपल्या कागदोपत्री ‘मोटर’ हाच शब्द चालू ठेवला. लोकांच्या तोंडी मात्र दुसरेच नाव बसले.

अखेरची वर्षे

दुसऱ्या महायुद्धात या मार्गाला अनपेक्षित महत्त्व आले. सान हुआनच्या पश्चिमेकडील पठारांवर सापडणाऱ्या खनिजात पोलाद कठीण करण्यासाठी लागणारे व्हॅनेडियम होते आणि त्याच खनिजात युरेनियमही होते. युद्धकाळात या खनिजाची वाहतूक चालू राहणे सरकारला आवश्यक वाटले आणि मार्ग बंद होण्याचे संकट काही वर्षे टळले.

युद्ध संपले आणि डोंगरातले रस्ते सुधारले. ट्रकने माल नेला, मोटारींनी उतारू नेले. १९५० मध्ये टपालाचा करारही संपुष्टात आला. ज्या एका कारणासाठी या मोटारींचा जन्म झाला होता तेच नाहीसे झाले. कंपनीने शेवटचा प्रयत्न म्हणून पर्यटकांकडे मोहरा वळवला. काही मोटारींच्या मालडब्यांना मोठ्या खिडक्या पाडण्यात आल्या, आत आसने बसली आणि दारावर धावत्या गूस पक्ष्याचे चित्र व ‘गॅलपिंग गूस’ ही अक्षरे रंगवली गेली. लोकांनी थट्टेने ठेवलेले नाव कंपनीने अखेर स्वतःहून धारण केले, ते तिच्याजवळ विकण्यासारखे दुसरे काही उरले नव्हते तेव्हा. १९५१ च्या मोसमानंतर ही सहलही थांबली. १९५२ मध्ये मार्ग अधिकृतपणे सोडून देण्यात आला आणि रूळ उखडण्याचे काम सुरू झाले. त्या कामाला क्रमांक ६ आणि ७ या मोटारींनाच जुंपण्यात आले. ज्या मार्गाला त्यांनी जगवले होते तोच मोडताना त्यांची शेवटची मेहनत खर्ची पडली.

आज या मोटारी कोठे आहेत?

क्रमांक २, ६ आणि ७ या तीन मोटारी कोलोराडोतील गोल्डन येथील कोलोराडो रेलरोड म्युझियममध्ये आहेत. क्रमांक ३ कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानात गेली. क्रमांक ४ टेल्युराइड गावात अनेक दशके प्रदर्शनासाठी उभी होती आणि पुढे दुरुस्तीसाठी रिजवे येथे नेण्यात आली. क्रमांक ५ ची कहाणी विशेष आहे. डोलोरेस गावातील इतिहासप्रेमींच्या संस्थेने ती १९९८ मध्ये धावती केली. मूळ मार्ग नष्ट झालेला असल्याने ती कोलोराडोतील शिल्लक राहिलेल्या अन्य तीन फुटी मार्गांवर पर्यटकांना घेऊन धावली आहे. मोडीत निघालेल्या क्रमांक १ ची पूर्णाकृती प्रतिकृती जुन्या छायाचित्रांच्या आधारे घडवून रिजवेच्या संग्रहालयाने २००० मध्ये रुळांवर आणली.

प्रतिकृतींचे जग : प्रमाण आणि गेज

लहान प्रतिकृतींच्या छंदात दोन संज्ञा वारंवार येतात, प्रमाण आणि गेज. मूळ वस्तूच्या कितव्या भागाएवढी प्रतिकृती आहे, हे प्रमाण सांगते. दोन रुळांतील अंतर म्हणजे गेज. जगात सर्वाधिक प्रचलित ‘एचओ’ हे प्रमाण १:८७ आहे. पुण्यात कोथरूड येथे १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या आकाराची कल्पना चटकन येईल. या प्रमाणात सहा फुटी माणूस २१ मिलिमीटरचा होतो आणि मुख्य मार्गाचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात.

गूसचा मूळ मार्ग तीन फुटी असल्याने येथे हिशेब बदलतो. ९१४ मिलिमीटरला ८७ ने भागले की सुमारे १०.५ मिलिमीटर येतात. या मापाला ‘एचओ-एन-थ्री’ म्हणतात. ‘एन’ म्हणजे नॅरो आणि ‘थ्री’ म्हणजे तीन फूट. १:६४ प्रमाणात हेच गेज सुमारे १४.३ मिलिमीटर होते, तर अमेरिकेतील ‘ओ’ म्हणजे १:४८ प्रमाणात १९ मिलिमीटर. बागेत मांडायच्या मोठ्या प्रतिकृतींसाठी १:२०.३ हे वरकरणी विचित्र वाटणारे प्रमाण वापरले जाते. त्यामागे सोय आहे. बागेतल्या गाड्यांचे रूळ सर्वत्र ४५ मिलिमीटरचे मिळतात आणि ९१४ ला २०.३ ने भागले की नेमके तेवढेच येतात.

‘ओ-एन-थर्टी’ ही आणखी एक लोकप्रिय तडजोड आहे. यात गाडी १:४८ ची आणि रूळ मात्र एचओचे, म्हणजे १६.५ मिलिमीटरचे. मोजायला गेले तर हे गेज तीन फुटी न राहता सुमारे ७९० मिलिमीटरचे, म्हणजे अडीच फुटांच्या जवळचे ठरते. काटेकोर प्रतिकृतिकाराला हे खुपते. परंतु एचओचे रूळ, सांधे आणि यंत्रभाग सहज व स्वस्तात मिळतात आणि गाडी मात्र तपशील दिसण्याइतकी मोठी राहते, म्हणून अनेक जण ही चूक जाणूनबुजून पत्करतात. जे हाताशी आहे त्यावर भागवण्याची ही वृत्ती ओडेनबॉ यांच्या कार्यशाळेशी विसंगत नाही.

कोणत्या वर्षाची मोटार?

गूसची प्रतिकृती करणाऱ्याने पहिला प्रश्न ‘कोणत्या क्रमांकाची?’ असा विचारण्याआधी ‘कोणत्या वर्षाची?’ असा विचारावा लागतो. कारखान्यात तयार झालेल्या इंजिनाचा मूळ आराखडा असतो आणि त्यावरून शेकडो प्रतिकृती एकसारख्या बनू शकतात. गूसचे तसे नाही. तिची प्रत्येक दुरुस्ती ही एक नवी आवृत्ती असते. ढोबळमानाने चार कालखंड करता येतात :

• १९३१ ते १९३५ : काळा व गडद हिरवा रंग, ब्यूक अथवा पिअर्स-अ‍ॅरो मोटारीचे अंग.
• १९३५ नंतर युद्धाच्या अखेरीपर्यंत : मोटारीचे अंग तेच, रंग चंदेरी.
• १९४५-४७ नंतर : ३, ४ व ५ या क्रमांकांना बसचे अंग, २ व ७ यांचे जुने रूप कायम.
• १९५० व १९५१ : पर्यटनाचा काळ, काही मोटारींच्या मालडब्यांना खिडक्या, दारावर गूसचे चित्र.

या यादीवरून नेहमीच्या चुका लक्षात येतात. बसचे अंग असलेली क्रमांक ५ हिरव्या रंगात दाखवणे किंवा पिअर्स-अ‍ॅरोचे अंग असलेल्या क्रमांक ५ च्या दारावर पक्ष्याचे चित्र काढणे, या दोन्ही गोष्टी इतिहासाला सोडून आहेत. अनेक मांडण्यांमध्ये हौसेने सातही मोटारी एका ओळीत उभ्या केलेल्या दिसतात. हे दृश्य प्रत्यक्षात कोणी पाहिलेले असणे शक्य नाही. क्रमांक १ मोडली गेली १९३३ मध्ये, तिच्या सुट्या भागांतून क्रमांक ६ झाली १९३४ मध्ये आणि क्रमांक ७ आली १९३६ मध्ये. सात मोटारी एका वेळी कधी अस्तित्वातच नव्हत्या.

म्हणून जाणकार प्रतिकृतिकार आधी छायाचित्रे गोळा करतो. छायाचित्राची तारीख नक्की करणे, खिडक्यांची संख्या मोजणे, हेडलाइटची जागा पाहणे, मालडब्यावरचे पत्र्याचे जोड कोठे आहेत ते टिपणे हे काम बांधणीपेक्षा अधिक वेळ खाते. शिल्लक राहिलेल्या मोटारींवरून मापे घेता येतात. पण तेथेही सावधगिरी लागते. संग्रहालयातली मोटार ही तिच्या शेवटच्या वर्षांची आणि त्यानंतरच्या दुरुस्तीची साक्षीदार असते. १९३३ ची मोटार तीवरून जशीच्या तशी मिळत नाही.

बांधणीतील अडचणी

प्रतिकृतीसाठी पितळी पत्रा, रेझिनचे ओतीव भाग, प्लास्टिकचे तक्ते आणि अलीकडच्या काळात थ्री-डी प्रिंटरवर छापलेले भाग वापरले जातात. साहित्य कोणतेही असो, मुख्य अडचणी ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे विद्युतयंत्र लपवायचे कोठे? वाफेच्या इंजिनाच्या प्रतिकृतीत मोटर बॉयलरमध्ये दडते. गूसचा पुढचा भाग मात्र काचेच्या खिडक्यांचा आहे आणि आत आसने व चालक दिसायला हवेत. त्यामुळे मोटर बहुधा मागच्या मालडब्यात जाते आणि तेथून दांडी व गिअरने मधली बोगी फिरवली जाते. मूळ गाडीतही शक्ती मधल्याच बोगीला मिळत असल्याने ही रचना प्रामाणिकही ठरते.

दुसरी अडचण विजेची. लहान रेल्वेत वीज रुळांतून चाकांमार्फत येते. हलक्या गाडीची चाके धुळकट रुळांवर नीट टेकत नाहीत आणि गाडी अडखळते. उपाय म्हणून तिन्ही बोगींच्या चाकांवरून वीज घेतली जाते, शक्य तेथे शिशाचे तुकडे घालून वजन वाढवले जाते आणि आतल्या मंडलात क्षणभर वीज साठवणारा संधारक बसवला जातो. सांध्यातून जाणाऱ्या तारा लवचीक नसतील तर वळणावर गाडी रूळ सोडते, ही तिसरी अडचण. हे तीन प्रश्न सुटले की गाडी हळू आणि सलग धावते. गूसचे खरेपण या मंद चालीतच आहे. भरधाव सोडलेली गूस कितीही सुबक असली तरी खोटी वाटते.

चौथी गोष्ट रंगाची. चंदेरी रंग सोपा वाटतो, पण सर्वांत दगाबाज आहे. पृष्ठभागावरचा प्रत्येक ओरखडा तो उघडा पाडतो. शिवाय बाटलीतला चकचकीत रंग लहान प्रतिकृतीवर खेळण्यासारखा दिसतो. म्हणून खाली करड्या रंगाचा गुळगुळीत थर, त्यावर चंदेरीत थोडा करडा मिसळून दिलेला पातळ हात आणि शेवटी तेलाचे डाग, चाकांजवळची लाल-तपकिरी धूळ, इंजिनाजवळची काजळी अशी क्रमवारी पाळली जाते. मूळ मोटारीचा पत्राही हाताने ठोकलेला होता. त्याचे किंचित वाकडेपण टिकवणे हे सफाईइतकेच महत्त्वाचे मानले जाते.

ध्वनीची सोय असलेल्या आधुनिक नियंत्रण पद्धतीत आणखी एक पथ्य असते. तयार ध्वनिमंडलात बहुधा वाफेची शिट्टी किंवा डिझेलचा कर्णा असतो. गूसला मोटारीचाच भोंगा हवा.

तीन किलोमीटरचा मार्ग

मोटार तयार झाली की तिला धावायला प्रदेश हवा. १६२ मैलांचा मूळ मार्ग १:८७ प्रमाणात पूर्ण उभारायचा म्हटले तर तीन किलोमीटर रूळ लागतील. रिजवे आणि लिझर्ड हेड यांच्या उंचीतील सव्वातीन हजार फुटांचा फरक साडेअकरा मीटर, म्हणजे जवळजवळ चार मजल्यांएवढा होईल. घरातल्या खोलीत हे अशक्य असल्याने निवड करावी लागते. ओफिरचा वळसा व लाकडी पूल, रिकोचे स्थानक, रिजवेची कार्यशाळा यांपैकी एक-दोन ठिकाणे निवडून ती तपशिलाने उभारायची आणि मधला प्रदेश डोंगराआड किंवा बोगद्यात गुंडाळायचा, ही सर्वमान्य पद्धत आहे.

गूस ही एकाच दिशेने चालण्यासाठी बनलेली आहे, हेही मांडणी करताना विसरून चालत नाही. तिला शेवटच्या स्थानकात वळवावे लागते. त्यासाठी इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे रूळ किंवा फिरता मंच ठेवावा लागतो. जागा फार थोडी असेल तर एका लहान स्थानकाचा देखावाही पुरतो : लाकडी फलाट, टपालाच्या दोन पिशव्या, बॉनेटची झाकणे उघडून इंजिन निववणारा चालक आणि शेजारी गवत वाढलेला वाफेच्या इंजिनाचा रिकामा रूळ. कंपनीचा सगळा इतिहास एवढ्यात येतो.

छंदापलीकडे

रेल्वेच्या प्रतिकृती हा काहींना पोरखेळ वाटतो. गूसच्या बाबतीत तरी तसे म्हणता येत नाही. ज्या कंपनीचे रूळ उरले नाहीत आणि जिच्या वाहनांना धड आराखडेही नव्हते, तिचा इतिहास बराचसा सुटी छायाचित्रे, मोजमापे आणि आठवणी यांत विखुरलेला होता. कोणत्या वर्षी कोणती खिडकी होती, या वरकरणी क्षुल्लक प्रश्नाचा पाठपुरावा करताना हौशी मंडळींनी तो गोळा केला, ताडून पाहिला आणि छापून ठेवला. मोठ्या आकाराच्या दुरुस्तीलाही हीच साधने लागतात. छायाचित्रांवरून पुन्हा उभी राहिलेली क्रमांक १ त्याची साक्ष देते.

टपालाचा करार टिकवण्यासाठी जुन्या मोटारी कापून-जोडून केलेली ही वाहने कायमची म्हणून कोणी बांधली नव्हती. पुढचा महिना निभावावा, एवढ्यासाठीच ती होती. तो महिना निभावता निभावता वीस वर्षे झाली. त्या वीस वर्षांत पालटत गेलेल्या रूपांपैकी कोणते तरी एक वर्ष निवडून ते नेमकेपणाने उभे करणे, हेच प्रतिकृतिकाराच्या हाती असते.